मारीचं माहेर

पुण्यात रोज दुपारी एका रशियन राजकन्येचं नाव चहात बुडवलं जातं. बुडवणाऱ्याला राजकन्येशी काही देणंघेणं नसतं. बिस्किट कपात तुटून पडायच्या आत तोंडात कसं पोचेल, याकडे त्याचं सगळं लक्ष असतं. मारी बिस्किट आपल्याकडे खाऊ म्हणून कमी आणि पथ्य म्हणून जास्त ओळखलं जातं. तापातून उठलेल्याला मारी, साखर वाढलेल्याला मारी, आणि 'काही घेणार का' असं विचारल्यावर खरोखरच 'नको' म्हणून बसलेल्या पाहुण्यालाही मारी. क्रीमच्या बिस्किटात चैन असते, ग्लुकोजच्या बिस्किटात लाड असतात. मारीत नुसता संयम असतो. ते सदाशिव पेठेत रुजलं नसतं तरच नवल.

या बिस्किटाच्या उच्चारावरून घराघरांत दोन पक्ष आहेत. आजोबा वाण्याकडे जाऊन 'मारीचा पुडा' मागतात. कॅम्पातल्या शाळेत जाणारी नात त्यांना चारचौघांत सुधारते, "आबा, मेरी म्हणतात त्याला." आबा गप्प बसतात. पुण्यातला आजोबा उच्चारावरून गप्प बसतो म्हणजे प्रसंग किती गंभीर असेल पाहा. वास्तविक गप्प बसायचं कारण नाही. पुड्यावरचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं आहे आणि फ्रेंच माणूस ते 'मारी' असंच म्हणतो. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेंच वर्गाची पायरीही न चढलेले आबा आणि त्यांचा वाणी, दोघंही इतकी वर्षं अस्सल पॅरिसचा उच्चार करत आलेत.

ही मारी म्हणजे मारिया अलेक्सांद्रोव्हना, रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची लेक. १८७४ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये तिचं लग्न व्हिक्टोरिया राणीच्या दुसऱ्या मुलाशी, ड्यूक ऑफ एडिंबरो आल्फ्रेडशी झालं. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं त्या निमित्तानं एक गोल, सपाट, शहाणं बिस्किट काढलं आणि त्यावर तिचं नाव उमटवलं. हा नवरदेव लग्नाआधी आपल्याकडे येऊन गेला होता. १८७० साली मुंबईत खलाशांच्या निवासाची कोनशिला त्याच्या हातून बसली आणि इमारतीला 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' असं नाव पडलं. आज तिथं महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे आणि आल्फ्रेड कोण हे आत-बाहेर करणाऱ्यांपैकी कुणालाही ठाऊक असायचं कारण नाही. नवऱ्याचं नाव दगडावर गेलं ते पुसलं. बायकोचं नाव मैद्यावर गेलं आणि दीडशे वर्षं ताजं राहिलं.

पुढं या मारीनं जग पाहिलं. स्पेनमध्ये ती 'गायेता मारिया' झाली. तिथल्या यादवी युद्धानंतर गव्हाचा साठा संपवायला बेकऱ्यांनी ही बिस्किटं ढिगानं भाजली, आणि देश सावरतोय याची ती खूण ठरली. पोर्तुगालमध्ये ती 'बोलाशा मारिया', स्वीडनमध्ये 'मारीकेक्स'. जिथं जाईल तिथं चहा-कॉफीत पडते आणि तक्रार करत नाही.

पण बिस्किटावरचं नाव बिस्किटाहून पुष्कळ जुनं आहे. त्याचं माहेर हिब्रू. मूळ रूप मिर्याम. बायबलच्या जुन्या करारात मोशेची थोरली बहीण ती मिर्याम, आणि नव्या करारात येशूची आई ती मराठीत मरीया. मधल्या काळात हे नाव ग्रीक, लॅटिन अशा घरांतून फिरून आलं आणि जाईल तिथं बदलत गेलं.

नाव बदलण्यात पुण्याला नवीन काही नाही. लग्न झालं की सुनेचं नाव ताटातल्या तांदळात नव्यानं लिहायचं, ही आपली पिढीजात हौस. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई माहेरच्या यमुना. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. टिळकांच्या सत्यभामाबाई माहेरच्या तापी. अण्णासाहेब कर्व्यांच्या आनंदीबाई माहेरच्या गोदू. सगळ्या मोठ्या नद्या माहेरी ठेवून सासरी यायचं, असा काही नियमच होता की काय कोण जाणे. मिर्यामचंही तेच झालं, फक्त तिची सासरं फार. फ्रान्समध्ये मारी, इंग्लंडात मेरी, वेल्समध्ये माइर, अरबस्तानात मरियम, फिनलंडमध्ये माइया, हवाई बेटांवर मालिया, न्यूझीलंडच्या माओरींमध्ये मेरे. आणि प्रत्येक सासरी लाडाचं नाव वेगळं. इंग्रज तिला मॉली आणि पॉली म्हणतात, रशियन माशा म्हणतात, हंगेरीत ती मारिका होते, फ्रान्समध्ये मिमी किंवा मानों.

पुणेरी आजी कुठल्याही नावाची एकच परीक्षा घेते. गॅलरीत उभं राहून, खाली खेळणाऱ्या पोरीला पूर्ण ताकदीनं हाक मारून बघायची. या परीक्षेत यातली बरीचशी नावं नापास होतात. 'मॉली' अशी हाक दिली तर शेजारीण सरपणाची मोळी शोधेल. 'पॉली, वर ये' म्हटलं की आपल्याला वाढलंय असं समजून आजोबा ताटावर येऊन बसतील. आणि 'माशा'! ज्या घरात रोज फिनेलनं फरशी पुसतात तिथं मुलीला माशा म्हणून कोण बोलावणार? मारिका तेवढी तरते. तिला 'सारिका'चा आधार आहे.

नावाचा अर्थ काय, यावर विद्वानांचं एकमत नाही, हे वाचून मला पुण्यात असल्यासारखं वाटलं. कुणी म्हणतो कडवटपणा, कुणी म्हणतो बंडखोरी, कुणी म्हणतो नवसाची पोर. एक पक्ष प्राचीन इजिप्तकडे जातो आणि 'प्रिय' असा अर्थ काढून आणतो. सगळ्यांत रंगतदार हकिगत संत जेरोमची. चौथ्या शतकातल्या या पंडितानं हिब्रू शब्दाची फोड करून लॅटिनमध्ये लिहिलं 'स्तिला मारिस', म्हणजे समुद्राचा थेंब. पुढं पोथीची नक्कल करताना कुणातरी लेखनिकाकडून एक स्वर बदलला आणि झालं 'स्तेला मारिस', म्हणजे समुद्राचा तारा, असं अभ्यासक सांगतात. एका वेलांटीत थेंबाचा तारा झाला आणि मग युरोपभरच्या खलाशांनी तो डोक्यावर घेतला. त्या ताऱ्यावर स्तोत्रं झाली, जहाजांना नाव मिळालं, चेन्नईत त्या नावाचं कॉलेज निघालं. ही चूक पुण्यात झाली असती तर दुसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रव्यवहारात दुरुस्ती छापून आली असती, तिसऱ्या दिवशी दुरुस्तीची दुरुस्ती, आणि मेरी जन्मभर थेंबच राहिली असती. मुद्रितशोधन चोख असलं की दंतकथा जन्माला येत नाहीत, हा आपल्या शहराचा मोठाच तोटा आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मूळ संस्कृतच असणार." ज्या गावात पु. ना. ओक राहत होते आणि व्हॅटिकनचं मूळ 'वाटिका' असल्याचं लिहीत होते, त्या गावात या वाक्याला पुरावा लागत नाही. काकांनी मला मेरू, मरीचि आणि मारुती अशी तीन मुळं उभ्या उभ्या दिली. मारुती हा पुरुष आणि शिवाय ब्रह्मचारी, असं मी म्हणालो. "म्हणूनच तर 'कुमारी माता' म्हणतात," काका म्हणाले आणि जिना चढू लागले.

ज्या देशांत ही मरीया पूजनीय, तिथं तिचं नाव ठेवायला लोक बिचकायचे. आयर्लंडमध्ये येशूच्या आईसाठी 'मुइरे' हे रूप राखून ठेवलं, आणि पोरींसाठी वेगळं. पोलंडमध्येही जुन्या काळी तिचं नाव सरळ मुलीला द्यायला लोक कचरत. आपला हिशेब बरोबर उलटा. अजामिळानं मुलाचं नाव नारायण ठेवलं, मरताना पोराला हाक मारली आणि तेवढ्यावर तरला. तेव्हापासून आपण देवाचं नाव पोराला ठेवतो आणि मग दिवसभर 'अरे नाऱ्या, मेल्या' म्हणून पुण्य जमवतो.

स्पॅनिश लोकांनी मधला मार्ग काढला. नाव नको, विशेषणं ठेवू. मरीयेच्या दुःखांवरून दोलोरेस, एकांतावरून सोलेदाद, जपमाळेवरून रोसारिओ. पिलार म्हणजे चक्क खांब. सारागोसा इथं ती खांबावर प्रकटली अशी श्रद्धा आहे. मुलीचं नाव खांब ऐकून हसू येतं खरं, पण ज्यांचा नरसिंहच खांबातून निघाला त्यांनी हसताना जरा सांभाळून. आपणही दुसरं काय करतो? लक्ष्मी एकच, तिच्या कमला, इंदिरा, पद्मा आणि रमा किती झाल्या!

याच विशेषणांतलं एक म्हणजे मेर्सेदेस. दयेची, कृपेची माता. आणि इथं गोष्ट थेट चाकणला येते. एमिल येलिनेक नावाचा एक ऑस्ट्रियन धनिक होता, मोटारींचा नादिष्ट. त्याच्या १८८९ साली जन्मलेल्या लेकीचं नाव मर्सिडीज. लेकीवर आणि वेगावर त्याचं सारखंच प्रेम. शर्यतीत उतरताना तो स्वतः 'मस्य मर्सिडीज' हे टोपणनाव घ्यायचा. डाइमलर कंपनीकडून त्यानं नवी दणकट मोटार बनवून घेतली ती लेकीचं नाव द्यायच्या अटीवर, आणि १९०२ साली ते नाव कंपनीचं नोंदलेलं चिन्ह झालं. पुढच्याच वर्षी यानं स्वतःचं आडनाव 'येलिनेक-मर्सिडीज' करून घेतलं. बापानं मुलीचं नाव लावलं! आपल्याकडे मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा सरकारी निर्णय लागू व्हायला २०२४ साल उजाडलं, आणि मुलीचं नाव लावणारा बाप तर अजून अर्जाच्या रांगेतही दिसलेला नाही.

गंमत म्हणजे हा येलिनेक व्हिएन्नातल्या एका नामांकित रब्बीचा मुलगा. ज्यू धर्मगुरूच्या नातीला कॅथलिक मरीयेचं स्पॅनिश विशेषण. कॅथलिक जग दचकलं असेल, पण मरीया स्वतः ज्यूच होती. तेव्हा पोर आजोळी आली एवढंच.

तर ही मर्सिडीज १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात आली आणि २००९ पासून चाकणला राहते. तिथं तयार होऊन बाहेर पडते आणि पहिल्याच चौकात टेंपो, ट्रेलर आणि कांद्याच्या ट्रकमध्ये अडकून उभी राहते. ताशी दोनशेच्या वेगासाठी जन्मलेली कृपामाता ताशी चारच्या वेगानं चालते, आणि आतला मालक घामाघूम होऊन कृपेचीच याचना करत असतो. पुण्यात आणखी एक अडचण आहे. 'मातृकृपा' नावाच्या बंगल्याच्या दारात मर्सिडीज उभी केली की ती द्विरुक्ती होते, आणि द्विरुक्ती पाहून गेटाशी थबकणारे निवृत्त मास्तर डेक्कनवर अजून आहेत.

पुण्यात मेरी मोटारीच्या किंवा बिस्किटाच्या वाटेनंच आली असं मात्र नाही. ती पेशव्यांच्या परवानगीनं, राजरोस आली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जागा मिळाली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळ तिच्या नावाचं चर्च उभं राहिलं. आजचं सिटी चर्च ते हेच. शनिवारवाडा गजबजलेला असताना ती पेठेच्या काठाला नांदत होती. इंग्रज आल्यावर १८२५ साली कॅम्पात सेंट मेरीज चर्च झालं, १८६६ साली सेंट मेरीज शाळा. खडकीला जखमी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था आहे, ती पहिल्या महायुद्धातली. लाल देवळाच्या आणि रास्ता पेठेच्या ज्यू मंडळींनी मिर्याम हे मूळ रूप सांभाळलं, आणि मोमिनपुऱ्यात, कोंढव्यात मरियम आहेच. कुराणात नावानिशी उल्लेख झालेली ती एकटी स्त्री आणि एकोणिसाव्या सुऱ्याला नावही तिचंच. म्हणजे लक्ष्मी रोडवरून कुठल्याही दिशेला दोन कोस चाला, ही बाई कुठल्या ना कुठल्या उच्चारात भेटणारच. मध्ये पेठांचा पट्टा तेवढा कोरडा, आणि तिथं बिस्किट.

पेठांशी तिची खरी गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पंचहौद मिशनमध्ये इंग्लंडातल्या वाँटेजच्या, सेंट मेरीच्या नावानं चालणाऱ्या संघाच्या सिस्टर काम करत. त्यांच्या ओळखीनं पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवं नाव, मेरी रमा. पुण्यात गहजब झाला. बाईंना नावं ठेवण्यात कुणी हयगय केली नाही, पण हे नवं नाव मात्र कुणी तोंडी बसू दिलं नाही. शिव्या देणाऱ्यांनीही शेवटपर्यंत पंडिता रमाबाईच म्हटलं. पुण्याचा राग व्याकरणाच्या मर्यादेत असतो.

त्यानंतर १८९० साली त्याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा आणि बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप हातात धरून शिष्टाचार सांभाळला. त्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि ती पोचवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान. बायकोचं नाव बदलणारा आणि गावाची नावं छापवणारा एकच माणूस. मग ग्रामण्य पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढं केला. रानड्यांनी नंतर प्रायश्चित्त घेतलं तेव्हा सुधारकांनी कपाळाला हात लावला. एवढ्या धामधुमीत सगळा राग चहावर निघाला. बिस्किटाला कुणी हटकलं नाही. पुढच्या पिढ्यांत ते पेठेत बिनबोभाट कसं शिरलं, याचं उत्तर मला तरी इथंच दिसतं.

म्हणून आता पोरींची नावं ठेवताना पुणेकर आईबाप जो 'आंतरराष्ट्रीय' शोध घेतात तो बघताना मला मौज वाटते. अटी ठरलेल्या असतात. नावात ळ नको, ण नको, ज्ञ तर नकोच, कारण पोर पुढंमागं कॅलिफोर्नियात जाणार. छोटं हवं. जगात कुठंही म्हणता यावं. शिवाय अर्थ संस्कृत हवा. मृण्मयी आणि प्राजक्ता पहिल्याच फेरीत बाद होतात आणि 'मायरा' निवडली जाते. शेक्सपियरच्या काळातल्या फल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीनं हे नाव आपल्या कवितेतल्या प्रेयसीला दिलं होतं. इंग्रजीत लिहून बघा, मेरीचीच चार अक्षरं, जागा बदलून बसलेली. बारशाच्या पत्रिकेत मात्र 'मायरा : प्रिय, देवी लक्ष्मीचे रूप' असं छापून येतं आणि गुरुजी मुकाट्यानं मानधन घेतात.

आमच्या नात्यातली एक भाची हॉलंडला असते. तिला मुलगी झाली तेव्हा कोथरूडात नावांची यादी करायची बैठक बसली. आजींनी आपल्या सासूबाईंचं नाव सुचवलं, काशी. सगळे इतके हसले की आजी चिडून आत निघून गेल्या. शेवटी नाव ठरलं रिया. छोटं, गोड, आधुनिक, डच जिभेलाही सोपं. महिनाभरानं भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाई बाळाचं नाव ऐकून गहिवरल्या होत्या, कारण त्यांचंही नाव रिया. त्यांच्या बहिणीचंही. भजनी मंडळ म्हणावं तसा त्यांचा जो चर्चमधला गट आहे त्यात आणखी तीन रिया. सगळ्या मूळच्या मारिया. हॉलंडमध्ये हे नाव महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या बायकांचं, हल्ली कुणी ठेवत नाही. बाई म्हणाल्या, आजकालच्या मुली इतकी जुनी नावं कुठं ठेवतात, तुमच्या घरचं वळण चांगलं दिसतंय.

भाचीनं हे रडवेल्या आवाजात सांगितलं. आजी फोनच्या चौकटीत अर्ध्याच दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे काशीच की. मग माझी काशी काय वाईट होती?"